अपघात विभागातील गर्दी

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. दीड महिन्यानंतर नांदेडच्या शासकीय रुग्णालयात तेवढ्याच अवधीत २४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. दोन्हीकडचा खुलासा जवळजवळ एकच होता: अनेक रुग्ण अत्यवस्थ स्थितीत, अखेरच्या क्षणी दाखल झाले. खुलासा खोटा नसेलही. परंतु गरीब रुग्ण अखेरच्या क्षणीच का पोहोचतो, याचे उत्तर त्यात नाही.

नांदेडला हिंगोली, परभणी, यवतमाळपासून तेलंगणाच्या सीमेवरील गावांपर्यंतचे रुग्ण येतात. वाटेत प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय अशा पायऱ्या आहेत. इमारती उभ्या आहेत. पण कोठे भूलतज्ज्ञ नाही, कोठे बालरोगतज्ज्ञाची जागा रिक्त, कोठे रात्री रक्त मिळत नाही. मग प्रत्येक पायरीवर 'पुढे न्या' एवढीच चिठ्ठी हाती पडते. पैसे संपले की खासगी रुग्णालयही तीच चिठ्ठी देते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात धावते आहे, हे चांगलेच झाले. पण ती ज्या दाराशी रुग्णाला उतरवते, तेथे आत खाट नसते. तपासलेला रुग्ण वरच्या कक्षात जागा नाही म्हणून अपघात विभागातच स्ट्रेचरवर पडून राहतो, आणि त्याच्यामागचा दाराशी तिष्ठतो.

नांदेडला तर एका खासदार महाशयांनी प्रभारी अधिष्ठात्यांकडून शौचालय साफ करवून घेतले! रिक्त पदे आणि औषधखरेदीचा घोळ निस्तरण्याची जबाबदारी ज्या मंत्रालयाची, तेथे झाडू घेऊन कोणी गेले नाही.

१९९२ साली बंगालमधील हकीम शेख हा शेतमजूर रेल्वेतून पडून गंभीर जखमी झाला. सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला एकामागून एक परत पाठविले. पश्चिम बंग खेत मजदूर समितीने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. तातडीचे उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या कलमाचा भंग आहे आणि पैशाची अडचण ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असा निर्णय १९९६ साली झाला. हा हक्क शेतमजुरांच्या संघटनेने लढून मिळविला आहे.

राज्यकर्त्यांनी मात्र निराळीच वाट धरली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करण्याचे वचन होते. ते पाळले गेले नाही. विम्याची कार्डे तेवढी गाजावाजा करून वाटली गेली. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञच नसेल, तर पाच लाखांचे कार्ड बाळंतिणीच्या काय कामाचे?

कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील रुग्णालयात रात्री जाऊन पाहावे. कोण डॉक्टर हजर आहे, कोणते पद कधीपासून रिकामे आहे, किती रुग्ण पुढे पाठविले गेले, याची लेखी माहिती अधीक्षकांकडे मागावी. ती घेऊन मोर्चा रुग्णालयावर नेऊ नये. तेथील परिचारिका आणि निवासी डॉक्टर याच गर्दीखाली भरडले जात आहेत. मोर्चा जिल्हा परिषदेवर आणि पालकमंत्र्यांच्या दारी जावा.