उंचीचा सोस

बर्फावर स्कीइंग शिकण्यासाठी जे मराठी कुटुंब आठ दिवसांची सुटी काढते, त्याने पर्वत किती उंच आहे हे विचारू नये. ते गाव किती प्रसिद्ध आहे हेही विचारू नये. हे माझे मत मी यंदा गौरी-जेवणाच्या दिवशी भर पंगतीत मांडले, आणि पुरणपोळीचा घास तोंडात असतानाच आमच्या घराचे दोन तट पडले. एका तटात मी आणि माझी बारा वर्षांची नात. दुसऱ्यात उरलेले सगळे. सौभाग्यवती तटस्थ राहिल्या. पण माझ्या पोळीवर तूप वाढताना त्यांचा हात जरा आखडला, त्यावरून त्यांचा कल मला कळला.

प्रश्न साधा होता. येत्या हिवाळ्यात बर्फावर कुठे जायचे? मेहुण्यांनी पहिला बार काढला. "भावोजी, जायचं तर स्वित्झर्लंडला जावं. गुलमर्गला काय, कुणीही जातं!" मेहुणे चार वर्षांपूर्वी मे महिन्यात स्वित्झर्लंड 'करून' आले आहेत. टिटलिसच्या माथ्यावर, ३,००० मीटरांच्या वर, ते फिरत्या पाळण्यातून चढले. तिथे १९९५ सालच्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटातील नायक-नायिकेचा पुठ्ठ्याचा पुतळा उभा केलेला आहे. त्याच्या शेजारी त्यांनी छायाचित्र काढून घेतले, कॉफी घेतली आणि पाऊण तासात खाली उतरले. छायाचित्र सध्या त्यांच्या दिवाणखान्यात आहे. बर्फ पाहून झाला, तुडवून झाला. पण बर्फाची आणि त्यांची ओळख काही झाली नाही.

चिरंजीवांचा मुद्दा अधिक शास्त्रीय होता. "बाबा, झरमॅटला इटलीची बाजू धरून साडेतीनशे किलोमीटरचे उतार आहेत." असतील! मी कुठे नाही म्हणतो? पण नवशिक्याला पहिल्या सहा दिवसांत लागतात ते दोनशे मीटर, आणि त्यांतलेही खालचे पन्नास तो पाठीवर काढतो. पोहायला शिकणाऱ्या पोराला विहिरीची पायरी दाखवायची, की अरबी समुद्राचे क्षेत्रफळ सांगायचे?

मी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होतो. उतार ही वस्तू मी मोजून जगलो आहे. मैलोगणती पाट खणायचा आणि त्याला उतार द्यायचा तो जेमतेम हातभर, असा आमचा धंदा. त्यामुळे कुणी मला पर्वताची उंची सांगू लागला की माझ्या तोंडून आपोआप प्रश्न येतो: उंची राहू द्या, उतार किती?

हा प्रश्न न विचारण्याची शिक्षा आम्ही एकदा भोगली आहे. २०२४ च्या जानेवारीचा दुसरा आठवडा. एका सहल कंपनीने गुलमर्गचे 'बर्फाचे स्वर्गसुख' विकले आणि आम्ही ते घेतले. टंगमर्गला गाडी थांबवून भाड्याचे गमबूट आणि कुणाच्या तरी घामाचा वास असलेले लांब कोट आम्हां सर्वांच्या अंगावर चढवण्यात आले. वर जाऊन पाहतो तो गुलमर्गचे प्रसिद्ध मैदान वाळलेल्या गवताने पिवळे पडलेले! त्या वर्षी जानेवारीचा बहुतेक महिना तिथे बर्फच पडला नव्हता. वर्तमानपत्रांतून पुढे त्याचे फोटोही आले. काश्मीरचा बर्फ भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या ओल्या वाऱ्यांवर अवलंबून असतो, आणि ते वारे काही सहल कंपनीच्या पत्रकाला बांधलेले नसतात.

आता पैसे तर घेतलेले. तेव्हा कंपनीच्या माणसाने आम्हांला पाळण्यात घालून वर चढवले, कारण बर्फ असलाच तर वर. हा पाळणा खरोखरच मोठे काम आहे, हे मी खात्यातला माणूस म्हणून कबूल करतो. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. गुलमर्गच्या सुमारे २,६५० मीटरवरून तो तुम्हांला अफरवटच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्याही वर नेऊन सोडतो. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० ते ६५ टक्के उरतो. आमच्या सौभाग्यवती उतरताच एका दगडावर बसल्या आणि खाली येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. पस्तीस वर्षांच्या संसारात असे प्रथमच घडले. त्या वेळी मला त्याची मौज वाटली. आज लाज वाटते.

पण खरी लाज मधल्या टप्प्यावर होती. तिथे सावलीत बर्फाचा एक मळकट पट्टा उरला होता आणि त्यावर लाकडी स्लेज घेऊन माणसे उभी होती. मला एका स्लेजवर बसवण्यात आले. माझे वजन ८२ किलो. माझ्याहून वयाने फार लहान नसलेला एक काटकुळा गृहस्थ फिरन घालून पुढे झाला, दोरी त्याने खांद्यावरून घेतली आणि मला चढावर ओढू लागला. हो, चढावर, कारण घसरण्याआधी चढावे लागते, आणि चढण्याचे काम त्याचे होते. त्याच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता. मी म्हणालो, "मी उतरतो, चालत येतो." तो म्हणाला, "साहेब, उतरलात तर पैसे कशाचे घेऊ?" तेव्हा मी बसून राहिलो. खाली येताना दहा सेकंद वारा लागला. मेहुणे टाळ्या वाजवत होते.

त्या रात्री नातीने विचारले, "आजोबा, आपण बर्फात काय केलं?" मला उत्तर सुचले नाही.

वाचकहो, आल्प्सविषयी माझ्या मनात आकस नाही. सेंट मॉरिट्झच्या बाड्रुट नावाच्या हॉटेलवाल्याची गोष्ट मला फार आवडते. १८६४ साली त्याने आपल्या उन्हाळी इंग्रज पाहुण्यांशी पैज मारली, अशी आख्यायिका आहे: हिवाळ्यात येऊन पाहा, आवडले नाही तर खर्च माझा. ते आले आणि वसंत येईपर्यंत हललेच नाहीत. हिवाळी सुटीची सगळी रीत त्या पैजेतून निघाली म्हणतात. त्या मंडळींनी शिखर 'केले' नव्हते. ते एका गावात राहिले होते. आपण मात्र त्यांच्या गावांची नावे उचलली आणि राहणे तेवढे टाकून दिले.

शिवाय नाताळात आल्प्सला जाऊ पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२२ संपून २०२३ लागले त्या आठवड्यात आल्प्समधील खालच्या कितीतरी गावांत उतार हिरवेगार होते, आणि यंत्राने केलेल्या बर्फाच्या एका पांढऱ्या पट्टीवरून लोक रांगेने घसरत होते. वर्षातला सर्वांत महाग आठवडा तो, आणि बर्फाची खात्री मात्र नाही. उंच गावी खात्री अधिक, हे खरे. पण तिथले भाडेही तितकेच उंच, आणि नवशिक्याचा उतार तिथेही दोनशे मीटरच!

औलीविषयी थोडक्यात. नंदादेवीचे तसे दर्शन दुसरीकडे होणे कठीण. २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा तिथे झाल्या. शिकवण्याचे वर्गही चालतात. पण जानेवारी २०२३ मध्ये खाली जोशीमठात जमीन खचली, घरांना भेगा पडल्या आणि औलीचा रोपवे बंद झाला. ज्या गावाच्या पायाखालची जमीन अशी हलली, तिथे चार दिवस मौजेला जाऊ नये असे मी म्हणत नाही. उलट तिथल्या लोकांना आपल्या पैशांची गरज आहे. पण जाण्याआधी रस्ता, रोपवे आणि बर्फ या तिहींची चौकशी करावी.

तर मग काय विचारावे? महिना विचारावा. हा माझा मुख्य मुद्दा आहे आणि यावरच आमच्या पंगतीत खरे रण माजले. आपण मराठी माणसे सहलीला निघतो दिवाळीत, नाताळात किंवा मे महिन्यात. म्हणजे शाळेच्या घंटेवर. हिमालयातला बर्फ शिकण्याजोगा होतो तो बहुधा जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत. हल्ली तर तो आणखीच लहरी झाला आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत गुलमर्गच्या राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये घेतल्या गेल्या. जिथे स्पर्धकांना थांबावे लागते, तिथे आपली नाताळची चार दिवसांची घाई कोण विचारतो?

म्हणून त्याच मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी नातीला शाळेतून काढली. म्हणजे आठ दिवसांपुरती. सुनबाई म्हणाल्या, "बाबा, परीक्षा एप्रिलमध्ये आहे." मी म्हणालो, "एप्रिलमध्ये आहे म्हणूनच." यावर घरात जो अबोला झाला तो आम्ही गाडीत बसेपर्यंत टिकला.

त्या आठ दिवसांचे मी काय सांगू! आम्ही पाळण्यात एकदाही बसलो नाही. मैदानाच्या कडेला, मुक्कामापासून चालत दहा मिनिटांवर, एक अगदी मंद उतार होता. माझ्या अंदाजाने दहा अंशही नसेल. तिथे टंगमर्गकडचा एक तरुण शिक्षक नातीला सकाळी दोन तास, दुपारी दोन तास शिकवी. पहिला सबंध दिवस बुटांत गेला. हे बूट म्हणजे पायाला घातलेला ओतीव साचा. तो सैल असला तर स्की वळत नाही आणि आवळ असला तर मूल रडते. तीन जोड बदलल्यावर चौथा बसला. दुसऱ्या दिवशी नांगर. दोन्ही स्कींची टोके आत, टाचा बाहेर, म्हणजे वेग मरतो. या पवित्र्याला इंग्रजीतही नांगराचेच नाव आहे. आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी नांगर धरला नव्हता. तो या पोरीने बर्फात धरला. तिसऱ्या दिवशी ती सव्वीस वेळा पडली. मी बाकावर बसून मोजत होतो. शिक्षक तिला उचलत नसे. "खुद उठो," एवढेच म्हणे, आणि पाठ फिरवून उभा राही. पाचव्या दिवशी ती डावीकडे वळली, उजवीकडे वळली आणि माझ्या बाकापुढे येऊन थांबली. आपली आपण थांबली!

संध्याकाळी आम्ही कांगडीवर हात शेकत नून-चहा पीत असू. खारट चहा मला चौथ्या दिवशी आवडू लागला. आपल्या भाषेत गोळेवाल्याच्या बर्फाला आणि पर्वतावरच्या बर्फाला बोलताना एकच शब्द आहे, याचे मला तिथे फार वाईट वाटले. हिम म्हणावे तर ते कवितेतले वाटते.

अफरवटच्या वरच्या उतारांची थोरवी मी नाकारत नाही. जगभरचे कसलेले लोक तिथल्या ताज्या भुसभुशीत बर्फासाठी येतात. पण हिमस्खलन बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होते, आणि त्या डोंगराला असे उतार पुष्कळ आहेत. १ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथे दोन पोलिश स्कीपटू गाडले जाऊन मेले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत एक रशियन गेला. ही तयारीची माणसे होती. आपल्या चिरंजीवाला ऑफिसातल्या खुर्चीतून उठून एकदम तिथे उभे राहायचे असते, कारण खालचा उतार 'लहान मुलांचा' आहे. अहो, मग लहान मूल व्हा! नाहीतर घरी बसा.

शेवटी सौभाग्यवतींची हरकत. तिच्याशी मी वाद घातला नाही. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसे मारली गेली. त्यांत सहा आपल्या महाराष्ट्रातली होती. आम्ही तिथून परतून दीड महिनाही झाला नव्हता. त्या रात्री ती नातीला कुशीत घेऊन झोपली. "मला पुन्हा तिकडे पाठवायची नाही पोर," ती म्हणते, आणि यावर उंचीचा, उताराचा, महिन्याचा कुठलाही हिशेब चालत नाही. ज्याला भीती वाटते त्याने जाऊ नये. त्याला भित्रा म्हणणाऱ्याच्या तोंडी मी लागत नाही. मला एवढेच ठाऊक आहे, की त्या घटनेनंतर दोन दिवसांनी आमच्या शिक्षकाचा फोन आला. "बच्ची ठीक है ना?" एवढे विचारून तो गप्प राहिला. मीही गप्प राहिलो. तो फोन कुणी ठेवला ते आठवत नाही.

आता सध्याची स्थिती अशी. मेहुण्यांनी टिटलिसची पत्रके आणून टेबलावर ठेवली आहेत. चिरंजीव किलोमीटर मोजत आहेत. सौभाग्यवतींनी परवा, काही न बोलता, ट्रंकेतून नातीचे लोकरी मोजे काढून उन्हात घातले. त्याचा अर्थ मी अद्याप विचारलेला नाही. नातीने पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची कड काढली आहे: मागच्याहून बोटभर वाढला आहे, म्हणजे बूट मोठा लागणार. फेब्रुवारीतल्या आठ दिवसांच्या रजेचा मुख्याध्यापिकांच्या नावचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. त्यावर पालकाची सही लागते. आजोबांची चालत नाही, असे शाळेने कळवले आहे.