९६४ की ९९३?

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करते. पोर्शे ९११ आपल्यापैकी कुणीही घेणार नाहीये. निदान कॅम्पसमधून लागलेल्या नोकरीच्या पहिल्या पगारात तर नाहीच नाही! तरीही हॉस्टेलमध्ये रात्री बारानंतर जे वाद झडतात, त्यात 'बुलेट की पल्सर'च्या खालोखाल नंबर लागतो तो '९६४ की ९९३' याचा. ज्यांच्याकडे साधी सायकल नाही, ते सगळ्यात जोरात ओरडतात. मीही ओरडते. पण ओरडण्यात मुद्दा नीट मांडता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

कॉम्प्युटर आणि आय.टी.च्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. ९११ ही गाडी १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली, तेव्हा तिचं नाव होतं ९०१. मधे शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे, असं म्हणत प्यूजोने हरकत घेतली आणि ९०१ची ९११ झाली. गाडीचं वैशिष्ट्य म्हणजे तिचं सहा सिलिंडरचं आडवं बॉक्सर इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लटकतं, आणि ते थंड होतं वाऱ्यावर. रेडिएटर नाही, पाणी नाही. पट्ट्यावर फिरणारा एक मोठा पंखा, सिलिंडरवर फिन्स आणि उरलेली उष्णता वाहून न्यायला भरपूर तेल. आपल्या स्प्लेंडरच्या इंजिनावर ज्या पट्ट्या-पट्ट्या दिसतात ना, त्याच या फिन्स. हीट ट्रान्सफरच्या पेपरात दहा मार्कांना येतात, त्याही याच!

हे वाऱ्यावरचं इंजिन ९११मध्ये १९९८पर्यंत टिकलं. त्यातल्या शेवटच्या दोन पिढ्या म्हणजे ९६४ आणि ९९३. हे कंपनीचे अंतर्गत नंबर. बाजारात दोन्ही '९११'च.

९६४ आली १९८८च्या अखेरीस, आधी फोर व्हील ड्राइव्हच्या कॅरेरा ४ रूपात. लांबून पाहिलं तर जुनीच ९११, पण आतून जवळजवळ नवी गाडी. इतकी वर्षं चालत आलेले टॉर्शन बार काढून कॉइल स्प्रिंग बसवले. ए.बी.एस. आलं, पॉवर स्टिअरिंग आलं. ताशी ८० किलोमीटरच्या आसपास आपोआप वर येणारा मागचा स्पॉयलर आला. इंजिन ३.६ लिटरचं, बोअर १०० मि.मी., स्ट्रोक ७६.४ मि.मी. (कॅल्क्युलेटर काढा, उत्तर बरोबर येतं.) एका सिलिंडरला दोन म्हणजे एकूण बारा स्पार्क प्लग, ताकद २५० अश्वशक्ती.

९९३ आली १९९३च्या शेवटी. इंजिनाचं माप तेच, पण ताकद २७२ आणि १९९६च्या मॉडेलपासून २८५ अश्वशक्ती. पाचाऐवजी सहा गिअर. टॅपेट हायड्रॉलिक झाले, म्हणजे फीलर गेज घालून व्हॉल्व्ह क्लिअरन्स सेट करायची भानगड संपली. हेडलाइट मागे झुकले, मागचे खांदे रुंद झाले. आणि सगळ्यात मोठा बदल वरून दिसतच नाही. तो मागच्या चाकांपाशी आहे. वाद खरा तिथेच आहे.

आमच्या विंगमधल्या ९६४ पार्टीचं म्हणणं असं, की ९९३ 'सोफिस्टिकेटेड' झाली आणि तिथेच तिचा आत्मा गेला. ९६४ कशी रॉ आहे, अंगावर येते, ड्रायव्हरला झोपू देत नाही, तिला 'कॅरॅक्टर' आहे. शिवाय पुरावा म्हणून कॅलिफोर्नियाच्या 'सिंगर'चं नाव पुढे येतं. २००९ साली सुरू झालेली ही कंपनी जुन्या ९११ नव्याने घडवते आणि त्यासाठी आधार म्हणून ९६४च घेते. आता बोला!

बोलते. हे 'कॅरॅक्टर' म्हणजे नक्की काय, ते एकदा फ्री बॉडी डायग्राम काढून बघू या. गाडीचं साधारण ६० टक्के वजन मागच्या चाकांवर. भर वेगात वळणावर आहात आणि घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढलात, की वजन पुढे सरकतं. मागच्या टायरची पकड कमी होते आणि मागे लटकलेलं इंजिन लंबकासारखं बाहेर झोकांडी घेतं. यालाच लिफ्ट-ऑफ ओव्हरस्टिअर म्हणतात. ९६४मध्ये मागे सेमी-ट्रेलिंग आर्म आहेत. म्हणजे चाक एका तिरप्या सांध्यावर वर-खाली होतं, आणि वर-खाली होताना त्याचा कोनही बदलतो. नेमकी जेव्हा चाकं सरळ राहायला हवीत, तेव्हाच ती थोडी दिशा सोडतात. पट्टीचा ड्रायव्हर हे सांभाळतो, त्यातून मजाही घेतो. पण घाबरलेला माणूस ब्रेक मारतो आणि संपतो. पावसाळ्यातला वरंध घाट डोळ्यासमोर आणा, म्हणजे कळेल मी काय म्हणते ते.

९९३च्या लोकांनी इंजिन जागचं हलवलं नाही. ते हलवलं असतं तर ९११ उरलीच नसती. त्यांनी मागे अ‍ॅल्युमिनियमची वेगळी सबफ्रेम टाकली आणि तिच्यावर मल्टीलिंक सस्पेन्शन बसवलं. आता भार बदलला तरी प्रत्येक लिंक चाकाला हव्या त्या कोनात धरून ठेवते. तीस वर्षं ज्या दोषाला लोक 'स्वभाव' म्हणत होते, तो त्यांनी कागदावर मांडला आणि बऱ्याच अंशी काबूत आणला. माझं मत ९९३ला आहे, ते या एका कारणासाठी. मूळ कल्पना अडचणीची असताना ती न सोडता सुधारणं, याहून मोठं इंजिनिअरिंग मला तरी माहीत नाही.

इथे एक चिमटा माझ्या स्वतःच्या पार्टीलाही. ९९३चे अर्धे भक्त तिला निवडतात ते फक्त ती 'शेवटची' म्हणून. शेवटची एअर-कूल्ड, म्हणून पवित्र! हे मला पटत नाही. एअर कूलिंग थांबलं त्याला कारणं होती. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह द्यायचे तर हेडमधला गरम भाग नुसत्या हवेने सगळीकडे सारखा थंड करणं फार कठीण. पोर्शेने ९५९मध्ये सिलिंडर हवेवर आणि हेड पाण्यावर असा मधला मार्ग काढला होता, तो काही उगीच नाही. त्यात प्रदूषणाचे आणि आवाजाचे नियम कडक होत चालले होते. पाण्याचं जॅकेट आवाजही दाबतं. १९९७ साली आलेल्या वॉटर-कूल्ड ९९६ने ३.४ लिटरमध्ये ३०० अश्वशक्ती दिली, म्हणजे लहान इंजिन आणि जास्त ताकद. तेव्हा ९९३साठी रडायचं तर जरूर रडा, पण ती थांबवणारे मूर्ख होते असं म्हणू नका.

आता ९६४ला न्याय. तिच्याशिवाय ९९३ झालीच नसती. कॉइल स्प्रिंग, ए.बी.एस., ३.६चं इंजिन हे सगळं धाडस तिने केलं आणि पहिलटकरणीचा त्रासही तिनेच सोसला. सुरुवातीच्या इंजिनांत सिलिंडर आणि हेडच्या सांध्यातून तेल गळायचं. दोन डिस्ट्रिब्युटर जोडणारा एक छोटा पट्टा आहे, तो तुटला की निम्मे प्लग भलत्या वेळी पेटणार. पण ९९३ तरी कुठे धुतल्या तांदळाची आहे? अमेरिकेतल्या १९९६ नंतरच्या गाड्यांत धूर स्वच्छ करण्यासाठी हवा सोडणारे हेडमधले मार्ग काजळीने बुजतात आणि मग काम मोठं निघतं. आणि ज्याला स्वतःच्या हाताने इंजिन उघडून शिकायचंय, त्याला क्लिअरन्स सेट करायला लावणारी ९६४ जास्त शिकवेल, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. शिकायला ९६४, चालवायला ९९३ असा तह कुणी मांडला, तर मी सही करायला तयार आहे.

पण कॅरॅक्टरच्या नावाखाली दोष मिरवायला माझी सही नाही. कारण ही सवय पोर्शेपुरती राहत नाही. बाहा स्पर्धेच्या गाडीत एअर-कूल्ड इंजिनच मागे बसवलेलं असतं, तेव्हा हा सगळा विषय आपल्या वर्कशॉपमध्ये रोज हजर आहे. तिथे गाडी वळणावर मागून सुटली की आपण काय म्हणतो? 'तिला चालवणारा तसाच लागतो रे!' हे वाक्य म्हणजे डिझाइन टीमने ड्रायव्हरच्या गळ्यात मारलेलं काम. ड्रायव्हर आपलाच मित्र असतो, हेल्मेटच्या आत घाबरलेला असतो, आणि घाबरलेला माणूस पाय उचलणारच. त्याने पाय उचलला तरी गाडी सरळ राहिली पाहिजे, ही आपली जबाबदारी.

९६४ पार्टीने उत्तर जरूर द्यावं. मेसमध्ये नको, तिथे आधीच जेवण पचत नाही. पुढच्या अंकात द्या. आणि येताना डायग्राम काढून आणा!

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)