ऑटिझम थेरपी सेंटर्स का वाढताहेत? फी भरण्याआधी काय तपासायचं?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये ऑटिझम आहे. जागरूकता वाढली, निदान लवकर होऊ लागलं, तशी थेरपीची मागणीही वाढली. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र साधारण जिल्ह्याला एक. मुलाला मात्र आठवड्यातून अनेकदा, महिनोन्‌महिने थेरपी लागते. ही पोकळी खासगी सेंटर्स भरताहेत.

खरी अडचण कुठे आहे?

थेरपी बहुतेक वेळा एका मुलासाठी एक थेरपिस्ट अशीच चालते. त्यामुळे सेंटर वाढवायचं तर माणसं वाढवावी लागतात. प्रशिक्षित माणसं मोजकी. मग एकतर फी वाढते, नाहीतर अर्धवट शिकलेल्यांच्या हाती मूल दिलं जातं.

काय विचाराल?

• स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षकाकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का? नोंदणीशिवाय काम करणं गुन्हा आहे.
• तीन महिन्यांचं उद्दिष्ट लेखी मिळेल का?
• सेशनमध्ये काय झालं, ते घरी करायला शिकवतील का?

'ऑटिझम पूर्ण बरा करतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. ऑटिझम हा आजार नाही, तो बरा करणारं औषधही नाही.

खर्चाचं काय?

नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंत विमा मिळतो, त्यात थेरपीचाही काही खर्च येतो. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागतं. म्हणून सेंटर शोधतानाच प्रमाणपत्राचा अर्जही करून टाका.