उभ्या गाडीचं दुखणं

"आमची गाडी चालतेच कुठे? मग सर्व्हिसिंगवर कशाला पैसे घालवायचे?" हे वाक्य कात्रपच्या कुठल्याही सोसायटीत सहज ऐकायला मिळतं. बोलणाऱ्याचं चुकतं असंही पटकन वाटत नाही. बदलापूरहून सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर. एवढं अंतर रोज गाडी चालवत कोण जाणार? सकाळी शेअर रिक्षाने स्टेशन गाठायचं, लोकल पकडायची आणि रात्री उशिरा परतायचं. गाडी आपली सोमवार ते शनिवार बिल्डिंगखाली उभी. रविवारी तिला बाहेर काढायचं, बाजारहाट करायची, पावसाळ्यात कोंडेश्वर नाहीतर बारवी धरण. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरही होत नाहीत.

मला या विचारातच धोका दिसतो. गाडी कमी चालते म्हणून तिची निगा कमी राखली तरी चालेल, हे गणित मुळात चुकीचं आहे. गाडीच्या सोबत आलेलं पुस्तक आपण सहसा उघडत नाही. त्यात सर्व्हिसिंगच्या तक्त्यात किलोमीटर आणि महिने असे दोन्ही आकडे असतात आणि खाली लिहिलेलं असतं, "जे आधी होईल ते". आपल्याकडे महिने आधी भरतात. म्हणून आपली गाडी किलोमीटरवर नाही, कॅलेंडरवर सांभाळावी लागते.

आधी बॅटरी. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म आणि कॉम्प्युटर थोडा करंट खातच असतात. समजा हा करंट ३० मिलिअँपिअर आहे. आठवड्याचे तास १६८. गुणाकार केला की सुमारे ५ अँपिअर-अवर होतात. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची. म्हणजे महिनाभर गाडी उभी राहिली की निम्म्याहून जास्त बॅटरी संपली! मग सोसायटीतली चार पोरं गोळा करून धक्का मारा. यावर काहीजणांचा तोडगा असतो, दर रविवारी पाच मिनिटं जागच्या जागी इंजिन चालू ठेवायचं. त्याने आठवड्याची तूट भरून निघत नाही. उलट इंजिन नीट तापत नाही, आत जमलेली वाफ बाहेर पडत नाही आणि ते पाणी ऑइलमध्ये मिसळतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी नीट चालवून आणावी. ते जमणार नसेल आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी. मल्टिमीटर तर आपल्या प्रत्येकाच्या हाताखालून गेलाय. उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्ट दिसले तर उत्तम, १२.२ च्या खाली गेले तर चार्जिंग हवं.

ऑइलचंही तेच. इंजिन ऑइल वर्षातून एकदा बदलायचंच, मग काटा तीन हजारच पुढे गेलेला का असेना. "लाल दिवा लागला की बघू" असं म्हणणारे खूप भेटतात. पण तो दिवा ऑइलचा दाब पडल्यावर लागतो, तोवर इंजिनचं नुकसान सुरूही झालेलं असू शकतं. डिपस्टिक बाहेर काढायची, पुसायची, परत घालून बघायची. एवढं करायला दोन मिनिटं पुरतात.

आता खरा जिवाचा प्रश्न, टायर आणि ब्रेक. आपली गाडी सहा दिवस विश्रांती घेते आणि सातव्या दिवशी एकदम अवघड परीक्षेला बसते. वर्षभर पुस्तक न उघडता सबमिशनच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल! समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून नागपूरपासून आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला झालाय. तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. कात्रपच्या गल्लीत २० च्या वेगाने फिरताना हवा कमी असलेला टायर काही बोलत नाही. १२० वर तोच टायर दर फेऱ्याला दबतो, तापतो आणि फुटतो. म्हणून हवा गाडी थंड असतानाच तपासायची. किती भरायची तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर असतो. पंपावरच्या मुलाला "बघ रे, किती लागते ती भर" असं सांगू नका. स्टेपनीतली हवाही बघा, ती तर वर्षानुवर्षं कोणी बघत नाही.

टायरचं वयही टायरवरच लिहिलेलं असतं. बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी अगदी नवी दिसली तरी रबर उन्हाने, हवेने कडक होतं. पाच वर्षं उलटली की दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावा. नक्षीच्या खाचेत लहान उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. तिथे टायरचा निकाल लागला.

ब्रेक ऑइलकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवेत पाण्याला तोटा नाही. डॉट-४ प्रकारचं कोरं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. माळशेज किंवा बोरघाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात, ऑइल उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. वाफ दाबली जाते, दाब पुढे पोचवत नाही, हे आपण हायड्रॉलिक्समध्ये शिकलोय. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरा.

पावसाळ्याची आणखी दोन पथ्यं. सपाट जागी बरेच दिवस गाडी ठेवताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गंजून चिकटतो. पहिला गिअर टाका आणि चाकाला वीट लावा. वायपरचं रबर मृग लागायच्या आधी बदला.

आणि पूर. २६ जुलै २००५ आपण विसरलेलो नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, तेव्हाही उल्हास नदीने काठच्या वस्त्यांत पाणी आणलं होतं. पाण्यात बुडालेली गाडी "चालू होते का बघूया" म्हणून चावी फिरवायची नाही! सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी उचलून गॅरेजला न्यायची. इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम नसेल तर नेहमीच्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही, तेव्हा पॉलिसी जूनच्या आधी वाचून ठेवा.

कोणी म्हणेल, हे बघायला आरटीओ आहे, गॅरेजवाला आहे. टॅक्सीला ठराविक मुदतीने फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं. खाजगी गाडीला मात्र नोंदणीनंतर १५ वर्षं ते लागत नाही. पीयूसी फक्त धूर तपासते, ब्रेक नाही. गॅरेजवाल्याकडे गाडी पोचते तीच मुळी काहीतरी बिघडल्यावर. म्हणजे मधल्या १५ वर्षांत तपासनीस एकच, गाडीचा मालक. त्याच्या गाडीत त्याची बायकामुलं बसतात, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवर आपल्यातलंच कोणीतरी असतं.

म्हणून माझी एक सूचना आहे. ऑटो सायकलचा पीव्ही डायग्रॅम आपण झोपेतही काढू, पण आपल्यातल्या कितीजणांनी स्वतः बॉनेट उघडलंय? दर महिन्याच्या एका शनिवारी मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलच्या मुलांनी कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभं राहावं. हाताशी हवेचा गेज, मल्टिमीटर आणि एक फडकं. स्टाफच्या आणि घरून आलेल्या गाड्यांची हवा, ऑइल, बॅटरी, टायरची तारीख बघून कागदावर लिहून द्यावी. दुरुस्ती करायची नाही, फक्त सांगायचं. खर्च जवळजवळ शून्य. सरांनी परवानगी द्यावी, होस्टेलवाल्यांनी सकाळी दहाला उठायची तयारी ठेवावी, बाकी सगळं जमेल.