बोलावणे येईपर्यंतचे महिने

हवाई दलाच्या उड्डाण शाखेत जायचे असेल, तर लेखी परीक्षेसाठी पुस्तके आहेत आणि मुलाखतीसाठी शिकवणी वर्ग आहेत. धावण्याची, पोहण्याची तयारी करून घेणारेही गावोगावी भेटतात. निवड मंडळाची शिफारस मिळाल्यापासून रुजू होण्याचे पत्र हाती पडेपर्यंतचे महिने कसे काढायचे, हे मात्र कोणी शिकवत नाही. ‘आता काय, झालेच की!’ असे शेजारी म्हणतात. ज्याचे ‘झालेले’ असते तो रात्री दोन वाजता मोबाइलवर संकेतस्थळ पुन्हा उघडून पाहत असतो.

हे ‘झालेले’ नसते, हे आधी समजून घेतले पाहिजे. पाच दिवसांची निवड चाचणी आणि वैमानिक होण्याचा कल तपासणारी संगणकीय चाचणी पार पडली, की दिल्ली किंवा बंगळूरुला वैद्यकीय तपासणी होते. तीही पार केली, तरी गुणवत्ता यादी लागायची असते आणि त्या तुकडीत जागा किती यावर बोलावणे अवलंबून असते. म्हणजे शिफारस आहे, तब्येत ठणठणीत आहे आणि तरीही नाव यादीत नाही, असे घडू शकते. खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे उदाहरण घ्या. २१ एप्रिल २०२४ रोजी झालेली लेखी परीक्षा २ जानेवारी २०२५ पासून सुरू होणाऱ्या तुकडीसाठी होती. सगळे वेळापत्रकाप्रमाणे घडले, तरी आठ महिने लागतात. पुढे वैद्यकीय फेरतपासणीचे प्रकरण निघाले, तर धाकधूक आणखी वाढते.

ही वाट पाहणे फक्त उमेदवारांच्या नशिबी आहे असेही नाही. उड्डाण प्रशिक्षण ही साखळी आहे. विमाने, प्रशिक्षक, धावपट्टी, हवामान यांपैकी एक कडी अडली, की मागची रांग थांबते. २००९ मध्ये प्राथमिक प्रशिक्षणाची एचपीटी-३२ विमाने अपघातानंतर जमिनीवर आणावी लागली आणि २०१३ मध्ये स्वित्झर्लंडची पिलाटस विमाने येईपर्यंत आपल्याकडे प्रशिक्षणाची मोठी ओढाताण झाली. नव्या एचटीटी-४० या देशी विमानांच्या ७० नगांचा करार मार्च २०२३ मध्ये झाला, पण इंजिनांच्या पुरवठ्यामुळे त्यांनाही उशीर झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकला त्यांची उत्पादन साखळी सुरू झाली, ही आशेची बाब. मात्र डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडलेल्या महालेखापालांच्या अहवालानुसार, फेब्रुवारी २०१५ मध्ये हवाई दलात ४८६ वैमानिक कमी होते आणि २०२१ च्या अखेरीस हा आकडा ५९६ झाला होता. एकीकडे वैमानिक कमी आणि दुसरीकडे वैमानिक होऊ पाहणारे ताटकळलेले, असे हे चित्र आहे.

ब्रिटनमध्येही हा प्रश्न इतका वाढला, की तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ मध्ये लष्करी उड्डाण प्रशिक्षणावर स्वतंत्र अहवाल काढला. पण तिथल्या आणि अमेरिकेतल्या थांबलेल्या तरुण अधिकाऱ्यांमध्ये आणि आपल्या उमेदवारांमध्ये एक मोठा फरक आहे. ते गणवेशात थांबतात. त्यांना पगार असतो, तळावर काहीतरी काम असते आणि भोवती त्याच रांगेतले सोबती असतात. आपला उमेदवार घरी थांबतो. त्याला ना पद ना पगार, आणि ‘सध्या काय करतोस?’ या प्रश्नाला धड उत्तरही नाही.

अनिश्चिततेचा शरीरावर काय परिणाम होतो, याचा एक नेटका प्रयोग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तींनी संगणकावरील दगडांखाली साप आहे की नाही हे ओळखायचे होते आणि साप निघाला की हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका बसे. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला गेला. झटका नक्की बसणार हे माहीत असताना ताण सर्वाधिक असेल असे आपल्याला वाटते. तो सर्वाधिक होता शक्यता निम्मी-निम्मी असताना. ‘नाही म्हणा, पण एकदाचे सांगा’ असे वाट पाहणारा माणूस म्हणतो, ते चिडून नव्हे. त्याचे शरीर खरोखरच तसे मागत असते.

मग उपाय काय? आपल्याकडचा ठरलेला सल्ला म्हणजे ‘सकारात्मक राहा, विचारच करू नकोस’. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी अशा वाट पाहण्याचाच अभ्यास केला आहे. वकिलीची परीक्षा दिलेल्या आणि चार महिने निकालासाठी थांबलेल्या पदवीधरांना त्यांनी वेळोवेळी प्रश्न विचारले. काळजी दाबण्याचे, आशावादी राहण्याचे नेहमीचे प्रयत्न त्या काळात फारसे उपयोगी पडले नाहीत. उलट, ज्यांनी काळजी केली होती त्यांनी वाईट निकाल अधिक नीट पचवला आणि पुढची पावले लवकर उचलली. निश्चिंत राहिलेल्यांना तोच निकाल जास्त लागला. त्यामुळे वाट पाहताना अस्वस्थ वाटणे हा मनाचा दुबळेपणा नाही. ‘लढाऊ वैमानिक होणार आणि एवढ्याने घाबरतोस?’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

स्वीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दोन गोष्टींचा मात्र उपयोग दिसला. एक, ज्यात माणूस वेळ विसरून गुंततो असे काम. दोन, थोडा वेळ शांत बसून श्वासाकडे आणि चालू क्षणाकडे लक्ष देणे. पहिल्याचा अर्थ ‘कशात तरी मन रमव’ इतका ढोबळ नाही. काम जमेल एवढे सोपे आणि लक्ष द्यावे लागेल एवढे अवघड हवे. मोबाइल खाली-वर सरकवत राहणे यात बसत नाही. तबला शिकणे, गणिताची शिकवणी घेणे, मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये हात काळे करणे, पदव्युत्तर प्रवेश घेऊन अभ्यास करणे हे बसते. शिवाय बोलावणे आले नाही, तर यातले काहीतरी हाती उरते. दुसरी वाट तयार ठेवणे म्हणजे पहिल्या वाटेशी बेइमानी, असे उमेदवारांना वाटते. ते खरे नाही. वैमानिकालाही मूळ विमानतळावर उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळ कोणता, हे उड्डाणाआधीच ठरवावे लागते.

आता शरीराकडे येऊ. व्यायाम पूर्ण बंद केला, तर दम टिकवण्याची क्षमता दोन ते चार आठवड्यांतच मोजता येईल इतकी उतरते. स्नायूंची ताकद त्यामानाने उशिरा उतरते. याउलट, रोजचा व्यायाम कमी करून आठवड्यातून दोन-तीन दिवसांवर आणला, पण त्या दिवशीचा जोर कमी केला नाही, तर कमावलेले बरेचसे काही महिने टिकते. त्यामुळे सहा महिने रोज जिवाच्या आकांताने पळण्याची गरज नाही आणि सहा महिने सोफ्यावर बसणेही परवडणारे नाही. सर्वांत घातक आहे तिसरा प्रकार : चार महिने काहीच नाही आणि पत्र येताच पंधरा दिवसांत सगळे भरून काढण्याचा खटाटोप. नडगीच्या हाडाला सूक्ष्म तडे जाण्याचे हे नेहमीचे कारण आहे. अशी नडगी घेऊन प्रबोधिनीत गेलेला छात्र पहिल्याच महिन्यात मागे पडू शकतो. वजन उतरवण्यासाठी उपाशी राहणे, कुठलीतरी भुकटी खाणे, कोणाच्या सांगण्यावरून इंजेक्शने घेणे हेही याच घाईचे भाऊबंद.

सगळ्यात गंभीर गोष्ट शेवटी. वैद्यकीय तपासणीत नापास होण्याच्या भीतीने ही मुले डॉक्टरांकडे जात नाहीत. गुडघा दुखतो, सांगत नाहीत. झोप उडाली आहे, रडू येते, सांगत नाहीत. ‘नोंद झाली तर संपले’, ही त्यामागची धास्ती. ती फक्त आपल्याकडची नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत निम्म्याहून अधिक वैमानिकांनी, परवाना जाईल या भीतीने आपण कधी ना कधी वैद्यकीय मदत टाळल्याचे किंवा माहिती लपवल्याचे सांगितले. म्हणजे ही सवय विमानात बसण्याआधी लागते आणि पुढेही सुटत नाही. वेळेवर दाखवलेला गुडघा बरा होतो, लपवलेला गुडघा कवायतीच्या मैदानावर उघडा पडतो. मनाचेही तेच. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, उत्साह गेला असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर कोणतेही पत्र त्याहून मोठे नाही. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सरकारी सेवा चोवीस तास, विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

घरच्यांनी एक पथ्य पाळावे. रोज ‘काही आले का?’ विचारू नये. आले तर मुले सांगणारच आहेत. संकेतस्थळ पाहण्याची वेळ दिवसातून एकदाच ठरवून घेणे, नातेवाइकांना उत्तर देण्याचे काम आईवडिलांनी आपल्याकडे घेणे आणि यादी लागण्याआधी पेढे न वाटणे, एवढ्याने बराच भार हलका होतो.

पण सगळे ओझे उमेदवाराच्या आणि घराच्या खांद्यावर टाकून चालणार नाही. विमानांचा तुटवडा एका दिवसात संपणार नाही, हे मान्य. माहितीचा तुटवडा मात्र संपवता येतो. यादी अमुक आठवड्यात लागेल, लांबली तर या कारणाने लांबली, एवढे सांगायला नवे विमान लागत नाही. कारण कळलेली आणि अवधी कळलेली प्रतीक्षा कमी जाचते, हे रांगांच्या मानसशास्त्रात १९८५ पासून सांगितले जात आहे. शिफारसपत्रासोबत व्यायामाचे साधे वेळापत्रक आणि ‘उपचार घेतले म्हणजे आपोआप अपात्र होत नाही, कोणत्या आजारात काय नियम आहे’ हे सांगणारे दोन पानी पत्रक देता येईल. छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेसारख्या राज्याच्या संस्था, सैनिकी शाळा आणि खासगी वर्गांनीही निवडीचे फलक लावून थांबू नये. ज्यांची निवड होऊन अजून बोलावणे आलेले नाही, त्यांना महिन्यातून एकदा एकत्र बसवावे. सोबत असली की वाट पाहणे सुसह्य होते, हे त्यासाठी पुरेसे कारण आहे.

ज्या तरुणांच्या हाती आपण कोट्यवधींचे विमान आणि देशाचे आकाश देणार आहोत, त्यांना निदान एक तारीख तरी द्यायला हवी.