रिकामी कचेरी कोणाची ?

सरकारी कचेरी नव्या जागेत गेली म्हणजे जुनी इमारत निरुपयोगी झाली, असे मानण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे, ती आम्हांस मुळीच मान्य नाही. कचेरी जाते, पण ज्यांच्या पैशाने ती उभी राहिली ते करदाते लोक तेथेच राहतात. मग दारास कुलूप कशासाठी? कुलूपबंद इमारतीची पुढील गति ठरलेली असते. पहिल्या पावसाळ्यात छप्पर गळते, दुसऱ्यात भिंतीस ओल धरते आणि तिसऱ्यात ‘मोडकळीस आलेली’ असा शेरा पडतो.

लोणार तालुक्यातील सुलतानपुरासारखी गावे डोळ्यांपुढे ठेवून आम्ही हे लिहीत आहों. अशा गावी कचेरी रिकामी झाली की कोणास तेथे सोयाबीन-तुरीची पोती ठेवावीशी वाटतात, कोणास आपल्या पक्षाची बैठक भरवावीशी वाटते, तर कोणास ती पाडून दुकानांचे गाळे काढावेसे वाटतात. ज्या विद्यार्थ्याच्या घरी चूल आणि अंथरूण एकाच खोलीत, त्याचा अर्ज मात्र कोणापुढे येत नाही. आमचे स्पष्ट मत असे की, अशी इमारत सार्वजनिक वाचनालय व अभ्यासिका यांस द्यावी.

यावर कोणी म्हणतील की, सरकारी वास्तूचा उपयोग असा बदलता येत नाही. त्यांनी पुण्याकडे पाहावे. गणेशखिंडीतील गव्हर्नरांच्या निवासस्थानात १९४९ साली विद्यापीठ आले. जेथे साहेबांच्या मेजवान्या झडत, त्या वास्तूवर २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे! मुंबईचे सचिवालय १९५५ साली नव्या इमारतीत गेले, तेव्हा जुन्या सचिवालयात न्यायालये भरू लागली. राजधानीत जे साधते ते खेड्यात कां साधू नये?

खर्चाचा प्रश्न खरा आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने मान्यताप्राप्त ग्रंथालयांस अनुदानाची सोय केली. परंतु मान्यता पहिल्याच दिवशी मिळत नाही. तोवरचा दिवाबत्तीचा व वर्तमानपत्रांचा खर्च गावच्या व्यापारी मंडळींनी उचलावा. उद्या त्यांचे जमाखर्च लिहिणारी मुले याच खोलीत तयार व्हावयाची आहेत.

तथापि नुसता ठराव करून भागत नाही. सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, शाळा व कचेऱ्या अस्पृश्यांस खुल्या असाव्यात, असा श्री. बोले यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. पुढे महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांस सहकाऱ्यांसह तळ्यावर जावे लागलेच. कागदावर उघडलेले दार प्रत्यक्षात बंदच राहू शकते, हा त्याचा बोध.

म्हणून कचेरी हलण्यापूर्वीच ग्रामसभेने हा विषय घ्यावा आणि इमारत ज्या खात्याची असेल त्याच्याकडून लेखी ताबा मागावा. किल्ली कोणाजवळ राहील, डागडुजी कोण करील, वाचनालय किती वाजता उघडेल हे त्याच सभेत ठरवावे. स्त्रियांस निर्वेधपणे बसता येईल अशी जागा व वेळ राखावी, आणि कोणत्याही जातीच्या वा पक्षाच्या मनुष्यास तेथे परवानगी मागावी लागू नये. इतके केल्यावर कुलुपाचे काम फक्त रात्रीपुरते उरेल.