वीस मिनिटांचे गणित

विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या जाहिरातींत काही वर्षांपूर्वीपर्यंत पल्ल्याच्या आकड्याला मान होता. बॅटरी एकदा भरली की मोटार किती किलोमीटर धावते, एवढेच ग्राहक विचारत असे. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्रा कंपनीने ‘बीई ६’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ या मोटारी सादर करताना त्यांची मोठी बॅटरी वीस मिनिटांत २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत भरते, असा दावा केला, आणि स्पर्धेचे मैदान बदलले. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ह्युंदाईच्या ‘क्रेटा इलेक्ट्रिक’ने ५८ मिनिटांचा आकडा दिला, तर त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या टाटांच्या ‘हॅरियर ईव्ही’ने २५ मिनिटांचा. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘नेक्सॉन’ला ४५ युनिटांची बॅटरी मिळाली, तेव्हा तिच्यासाठी ४० मिनिटे सांगण्यात आली होती. घरातील चार माणसे आणि सामान घेऊन गावी जाणाऱ्या कुटुंबाला वाटेत किती वेळ थांबावे लागेल, हा आता खरेदीतील कळीचा प्रश्न झाला आहे.

अडचण अशी, की हे आकडे एका मापाने मोजलेले नाहीत. महिंद्रा आणि हॅरियर यांचा हिशेब २० ते ८० टक्क्यांचा आहे, तर क्रेटा आणि नेक्सॉन यांचा १० ते ८० टक्क्यांचा. २०२० सालच्या पहिल्या नेक्सॉनचा दावा तर शून्यापासून ८० टक्क्यांपर्यंतचा होता. शिवाय प्रत्येक दाव्यामागे वेगवेगळ्या शक्तीचा चार्जर गृहीत धरलेला असतो. महिंद्रासाठी १७५ किलोवॅटचा, हॅरियरसाठी १२० चा, नेक्सॉनसाठी ६० चा आणि क्रेटासाठी ५० चा. पल्ल्याचा आकडा निदान ठरावीक चाचणीतून येतो. तो प्रत्यक्षात मिळत नाही हा भाग वेगळा. चार्जिंगच्या वेळेसाठी तशी समान मोजपट्टी जाहिरातींत आढळत नाही.

तेव्हा टक्के बाजूला ठेवून युनिटांकडे पाहिलेले बरे. महिंद्राच्या ७९ युनिटांच्या बॅटरीतील ६० टक्के म्हणजे सुमारे ४७ युनिटे. ती वीस मिनिटांत भरायची तर सरासरी १४२ किलोवॅटचा वेग लागतो. ७५ युनिटांच्या हॅरियरसाठी हीच सरासरी १०८ किलोवॅट येते, नेक्सॉनसाठी ४७, आणि ५१.४ युनिटांच्या क्रेटासाठी जेमतेम ३७. जानेवारी २०२३ मध्ये भारतात आलेल्या ह्युंदाईच्याच ‘आयोनिक ५’चा दावा ३५० किलोवॅटच्या चार्जरवर १८ मिनिटांचा होता, तिची सरासरी १६९ किलोवॅट भरते. एकाच कंपनीच्या दोन मोटारींत साडेचार पटींचा फरक! पहिल्या नेक्सॉनची सरासरी २४ किलोवॅट होती हे लक्षात घेतले, तर पाच वर्षांत भारतीय बनावटीच्या मोटारींनी मारलेली मजल दुर्लक्षिण्याजोगी नाही.

सगळ्यांचे आकडे ८० टक्क्यांवरच का थांबतात, हेही समजून घ्यायला हवे. लिथियम बॅटरीत वीज भरताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. सुरुवातीला जागा भरपूर असते, म्हणून प्रवाह जोरात सोडता येतो. थर भरत आले की आयनांना आत शिरायला वेळ लागतो, आणि तरीही जोर कायम ठेवला तर लिथियम धातूचा मुलामा पृष्ठभागावर चढू लागतो. त्याने बॅटरीची क्षमता कायमची घटते आणि धोकाही वाढतो. म्हणून मोटारीतील नियंत्रक यंत्रणा स्वतःच प्रवाह कमी करत नेते. शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या साठ टक्क्यांइतका वेळ लागला, तर त्यात बिघाड काही नाही. जाहिरातीतील कमाल किलोवॅटचा आकडा यामुळेच फसवा ठरतो. तो दोन-चार मिनिटे टिकतो की अर्ध्या बॅटरीपर्यंत, यावर थांबण्याचा वेळ ठरतो. मोटारीतील विद्युतदाबाचाही यात वाटा असतो. ‘आयोनिक ५’ची रचना ८०० व्होल्टची असल्याने तेवढीच शक्ती तिला निम्म्या प्रवाहात मिळते, आणि केबल व जोडण्या कमी तापतात. चीनच्या बीवायडी कंपनीने मार्च २०२५ मध्ये १००० व्होल्टची आणि तब्बल १००० किलोवॅटची यंत्रणा जाहीर करून पाच मिनिटांत ४०० किलोमीटरचा दावा केला. मात्र त्याच वेळी अशी चार हजारांहून अधिक केंद्रे उभारण्याचेही कंपनीने सांगितले. मोटार आणि चार्जर यांचा विचार तिथे एकत्र होतो आहे.

आपल्याकडे नेमके तेच होत नाही. महामार्गांवरील उपाहारगृहांच्या आवारात आज सर्रास दिसतात ते ३० आणि ६० किलोवॅटचे चार्जर. त्यातही ६० किलोवॅटच्या अनेक यंत्रांना दोन ‘गन’ असतात, आणि शेजारी दुसरी मोटार लागली की शक्ती निम्मी-निम्मी वाटली जाते.

समृद्धी महामार्गाचेच उदाहरण घेऊ. जून २०२५ मध्ये पूर्ण झालेला हा रस्ता ७०१ किलोमीटरचा आहे. सोयीसाठी असे धरू, की प्रत्येक मोटार एका युनिटमध्ये सहा किलोमीटर जाते, घरून पूर्ण भरून निघते आणि बॅटरी १० टक्क्यांखाली जाऊ देत नाही. क्रेटाला वाटेत सुमारे ७० युनिटे घ्यावी लागतील; कंपनीच्या हिशेबाने दोन थांबे आणि पावणेदोन ते दोन तास. नेक्सॉनचे तीन थांबे होतील आणि सुमारे शंभर मिनिटे जातील. महिंद्राला ४६ युनिटे पुरतील, म्हणजे एकच थांबा आणि तोही वीस मिनिटांचा. चहा संपण्यापूर्वी मोटार तयार! पण चार्जर ६० किलोवॅटचा मिळाला, तर हाच थांबा पाऊण तासाहून मोठा होतो, आणि शेजारी दुसरी मोटार आली तर दीड तासाचा. १७५ किलोवॅटसाठी मोजलेले जादा पैसे तिथे वाया गेलेले असतात.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते आणि ती जाहिरातींत सहसा येत नाही. महिंद्राला एकच थांबा लागतो याचे श्रेय जलद चार्जिंगला कमी आणि मोठ्या बॅटरीला अधिक आहे. घरी रात्रभर स्वस्तात भरलेली युनिटे जितकी जास्त, तितकी वाटेत कमी घ्यावी लागतात. मात्र ज्यांच्या सोसायटीत वाहनतळावर जोडणी देण्यावरून वर्षानुवर्षे खल चालू आहे, त्यांना हा लाभ नाही. त्यांच्या दृष्टीने सार्वजनिक चार्जर हाच रोजचा आधार असतो, आणि सार्वजनिक चार्जिंगवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. मोटारीवर मात्र तो ५ टक्के. ही विसंगती कुणाच्या लक्षात आली नसेल असे नाही.

हवामानाचा मुद्दाही राहतोच. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के मोटारी विजेवरच्या होत्या. तिथे अडचण थंडीची. गार बॅटरी प्रवाह घेत नाही, म्हणून चार्जरपाशी पोहोचण्यापूर्वी तिला उबदार करावे लागते. मे महिन्यातील विदर्भात प्रश्न उलटा असतो. ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावून तापलेल्या बॅटरीला चार्जरला लावताच आधी थंड करण्यात शक्ती खर्च होते, आणि तरीही नियंत्रक यंत्रणा प्रवाह आखडता घेऊ शकते. नागपूरच्या उन्हात मोजलेली वेळ खरेदीदाराला उपयोगी पडेल. आल्हाददायक तापमानातील आकड्याचा त्याला फारसा उपयोग नाही.

केंद्र सरकारच्या सप्टेंबर २०२४ मधील ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत १०,९०० कोटी रुपयांपैकी २,००० कोटी चार्जिंग केंद्रांसाठी राखले गेले, आणि चारचाकींसाठी २२,१०० जलद चार्जरचे उद्दिष्ट ठरले. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणातही महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे. दोन्हींत संख्येवर आणि अंतरावर भर दिसतो. संख्येमागे लागण्याचा अनुभव आपण एकदा घेतला आहे. २०१७ मध्ये सरकारी कार्यालयांसाठी दहा हजार विद्युत मोटारींची निविदा निघाली, त्या सुमारास ‘भारत डीसी-००१’ या १५ किलोवॅटच्या मानकाचे चार्जर बसविण्यात आले. पुढे खासगी मोटारी ‘सीसीएस-२’ जोडणी घेऊन आल्या आणि त्या जुन्या यंत्रांचा त्यांना काडीचाही उपयोग राहिला नाही.

आता बसणारे चार्जर पुढील दहा वर्षे तरी वापरायचे आहेत. अनुदान देताना केवळ यंत्रे मोजण्याऐवजी दोन्ही गन चालू असताना प्रत्येकीला प्रत्यक्ष किती किलोवॅट मिळतात, ते मोजण्याची अट घालणे अवघड नाही. केंद्राबाहेरील फलकावर हा आकडा लिहिणे त्याहून सोपे. मोटार कंपन्यांनाही १० ते ८० टक्क्यांची वेळ, ती ६० किलोवॅटच्या चार्जरवर आणि चाळीस अंश तापमानात मोजून, देण्याची सक्ती करता येईल. चाकणच्या कारखान्यातून वीस मिनिटांत भरणारी मोटार बाहेर पडते आहे. तिला तेवढी वीज देणारा चार्जर समृद्धीवर नेमका कुठे आहे, हे आज तरी निघण्यापूर्वी ज्याचे त्यालाच शोधावे लागते.